एल्मिना क्वाशीचे जड शब्द

एल्मिना क्वाशीला जड इंग्रजी शब्दांचा नाद लागला तो एका शिवीमुळे, आणि ती शिवी नव्हतीच.

आमच्या बेटावरच्या लाँग रॅव्हिन गावात ती मासे विकायची. होड्या काळ्या वाळूला लागल्या की कुणीतरी शंख फुंकायचं, आणि त्याचा आवाज विरायच्या आत एल्मीच्या डोक्यावर पाटी चढलेली असायची. सगळं गाव तिला टँटी, म्हणजे मावशी, म्हणायचं, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. सकाळी टँटी एल्मी दवाखान्याच्या पायरीवर, मग पोस्टात, दुपारी आरारूटच्या कारखान्यापाशी, संध्याकाळी चर्चच्या फाटकात. मासे तसे दहा वाजेपर्यंतच संपायचे. उरलेला दिवस ती रिकामी पाटी घेऊन बातम्या वाटत फिरायची.

एकोणीसशे सहासष्ट साली एका सोमवारी ती दवाखान्याच्या खिडकीतून आत डोकावून म्हाताऱ्या ओबेदच्या पायाच्या जखमेवर आपलं मत देत होती. आत कंपाउंडर होता थिऑफिलस बायनो. राजधानीहून, किंगस्टाउनहून आलेला, एकटा, कडक इस्त्रीचा माणूस. गावातला एकुलता एक मोठा शब्दकोश त्याच्या मालकीचा होता. एल्मीनं तिसऱ्यांदा "त्याला कोरफड लाव" असं सुचवल्यावर त्यानं बाटली टेबलावर ठेवली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, तुम्ही युबिक्विटस आहात!"

रांगेतल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. आईचा हात धरून मीही त्या रांगेत होते, सहा वर्षांची.

"काय म्हणालास?" एल्मीनं विचारलं.

"जे आहे ते म्हणालो."

"मी युबिक्विटस? युबिक्विटस असशील तू! तुझी आई युबिक्विटस, तुझी आजी युबिक्विटस, आणि ज्या खाटेवर तू जन्मलास ती खाटही युबिक्विटस!" यापुढे ती त्याच्या पांढऱ्या कोटाबद्दल आणि कोटाच्या आत काय नाही त्याबद्दल जे बोलली, ते समजायला कुणाला शब्दकोश लागला नसता. आईनं माझे कान झाकले, पण जरा उशिरा.

एल्मीनं अब्रुनुकसानीचा दावा लावला. मॅजिस्ट्रेट दर दुसऱ्या मंगळवारी यायचे. त्या मंगळवारी मासे कुणी घेतले नाहीत, सगळं गाव कोर्टात होतं. मॅजिस्ट्रेटनी शब्द दोनदा ऐकला, कारकुनाला बायनोचाच कोश आणायला पाठवलं आणि चष्मा लावून वाचलं.

"युबिक्विटस म्हणजे सर्वव्यापी. एकाच वेळी सगळीकडे असणारा. बाई, हे विशेषण बहुधा परमेश्वराला लावतात."

"म्हणजे यानं मला देव म्हटलं?"

"कायद्याच्या दृष्टीनं, जवळजवळ."

"पण साहेब, ह्यानं ते नाक वर करून म्हटलं!"

"कोर्टाला नाकाची दखल घेता येत नाही."

दावा निकालात निघाला. मग बायनोनं उभं राहून एल्मीची उत्तरं, तीही शब्दशः, कागदावरून वाचून दाखवली. त्यांची दखल कोर्टाला घेता आली. ज्यानं अपमान केला तो मोकळा सुटला आणि जिचा झाला तिला भर कोर्टात माफी मागावी लागली. एल्मीनं ती मागितली. घरी जाताना वाटेत कुणाशी एक शब्द बोलली नाही. आई म्हणाली, "आता ही आजारी पडणार."

आजारी पडली नाही. त्याच शुक्रवारी दवाखाना बंद व्हायच्या वेळी ती बायनोच्या दारात जाऊन उभी राहिली.

"शिकव मला."

"काय?"

"ते तुझं पुस्तक. यापुढे मला कुणी काही म्हटलं तर ते काय म्हटलं हे मला तिथल्या तिथं कळलं पाहिजे."

"शब्द म्हणजे काय मासळी आहे का बाई, वाटे लावून द्यायला?"

"वाट्यानं नको तर वजनानं दे. पण दे."

बायनो का तयार झाला ते तेव्हा कुणाला कळलं नाही. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्या पुस्तकाबद्दल त्याला विचारणारं दुसरं कुणी भेटलंच नव्हतं. रोज संध्याकाळी पायरीवर बसून तो दोन शब्द सांगायचा, औषध मोजावं तसे, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. ती त्याला "तू" म्हणायची, तो तिला "तुम्ही" म्हणायचा. ते शेवटपर्यंत बदललं नाही.

एल्मीची शाळा चौथीत सुटली होती. पाठांतर तिला जमेना. तिनं स्वतःची युक्ती काढली: प्रत्येक शब्दाला गावातलं एक माणूस नेमून द्यायचं. पार्सिमोनियस, म्हणजे चिक्कू, हा शब्द तिनं दुकानदार डि फ्रेटासला दिला. व्हर्बोस, म्हणजे पाल्हाळ लावणारा, तो नव्या पाद्र्याला. पोस्टातल्या बाईला लेथार्जिक, म्हणजे सुस्त. माणूस दिसलं की शब्द आठवायचा. आणि एल्मी नुसती आठवून गप्प बसणारी नव्हती.

"गुड मॉर्निंग, मिस्टर डि फ्रेटास! आज किती पार्सिमोनियस दिसताय!"

"थँक यू, मिस एल्मी," डि फ्रेटास हॅट उचलून म्हणायचा.

पाटी घेऊन ती हसत पुढं जायची. तिच्या आरोळ्याही बदलल्या. पूर्वी "जॅक घ्या, ताजे जॅक!" असायचं, आता जॅक मासे "सक्युलंट", म्हणजे रसाळ, झाले, त्यांचे डोळे "पेल्युसिड", म्हणजे नितळ, झाले. गिऱ्हाईक वाढलं. पेल्युसिड डोळ्यांचा मासा खाल्ला नाही असं शेजारणीसमोर कबूल करायला कुणी तयार नव्हतं.

चार वर्षांत टँटी एल्मी गावाची न्यायाधीश होऊन बसली. कुणाच्या इंग्लंडला गेलेल्या नवऱ्याचं पत्र, मळ्याच्या मॅनेजरची नोटीस, शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा, सगळं तिच्याकडे यायचं. ती हात धुऊन, पुसून कागद घ्यायची.

"टँटी, टीचरनं लिहिलंय माझा पोरगा 'लोक्वेशस' आहे. भांडायला जाऊ का?"

"काही जाऊ नकोस. बडबड्या म्हटलंय. खोटं आहे का?"

"नाही."

"मग घरी जा."

आता त्या संगमरवरी फलकाबद्दल सांगायला हवं. आमच्या गावच्या हॉलमध्ये, दारासमोरच्या भिंतीवर, रेव्हरंड स्ट्रॉडचे शब्द कोरलेले आहेत. हा पाद्री अकरा वर्षं गावात राहून एकतीस साली इंग्लंडला परत गेला. निघताना गावकऱ्यांनी त्याला विनवलं की आमच्याबद्दल दोन शब्द लिहून द्या, आम्ही जपून ठेवू. त्यानं लिहून दिले. गावानं दोन हंगाम आरारूट खणून बार्बाडोसहून संगमरवर मागवला आणि त्यावर ते सोनेरी अक्षरांत कोरून घेतले. 'लाँग रॅव्हिनची माणसं मला उपासनेत सॉम्नोलंट, सभेत ऑबस्ट्रेपरस, हुकमापुढे कॉन्ट्युमेशस आणि गाण्यात इंटरमिनेबल आढळली. त्यांना विसरणं मला शक्य नाही.'

हे वाक्य आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ असायचं. आमच्या क्रिकेट टीमचं नाव ऑबस्ट्रेपरस क्रिकेट क्लब. कॅप्टन झेके लव्हियाच्या होडीचं नाव कॉन्ट्युमेशस. चर्चमध्ये पोरगं शांत बसलं की आया कौतुकानं म्हणायच्या, "बघा कसं सॉम्नोलंट बसलंय." एल्मीनं कोशातले हजार शब्द पाठ केले, पण हे चार कधी उघडून बघितले नाहीत. ते तिला येतच होते. घरच्या माणसाचा पत्ता कुणी पोस्टात जाऊन विचारत नाही.

सत्तर साली तिला खोकला झाला. बायनोनं एक नवी बाटली दिली आणि म्हणाला, "हे घेऊन पाटी डोक्यावर घेऊ नका. सॉम्नोलंट व्हाल."

"मग चांगलंच की."

"काय चांगलं? चालता चालता झोप येईल, खड्ड्यात पडाल."

"झोप?"

बायनोला आपली चूक कळली. तो एकदम गोळ्या मोजायला लागला.

"बायनो, सॉम्नोलंट म्हणजे झोप?"

"बत्तीस, तेहतीस..."

तिनं फळीवरून कोश काढला आणि बाकावर बसली. आधी फलकावरचा पहिला शब्द काढला, मग दुसरा, मग तिसरा. झोपाळू. कल्ला करणारे, आवरता न येणारे. उर्मट, हुकूम न मानणारे. चौथा शब्द शोधायला तिला बराच वेळ लागला, कारण अक्षरं नीट दिसत नव्हती. कधी एकदा संपतंय असं वाटायला लावणारे.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"किती वर्षं?"

"आलो त्या दिवसापासून. तेवीस."

"आणि बोलला नाहीस?"

"पहिल्या वर्षी सांगणार होतो. पण त्या आठवड्यात तुमच्या टीमनं जॉर्जटाउनला हरवलं, आणि चारशे माणसं 'ऑबस्ट्रेपरस! ऑबस्ट्रेपरस!' ओरडत या रस्त्यावरून गेली. मी खिडकी लावून घेतली. मग राहूनच गेलं."

"तेवढंच?"

बायनो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याचा तो एक मोठाच दोष होता. "नाही," तो म्हणाला. "नंतर मला मजा वाटू लागली. दरवर्षी पोरं ते म्हणायची आणि मी मागं बसून मनातल्या मनात हसायचो. इथं हसायला दुसरं होतं तरी काय मला?"

एल्मी उठली. औषधाची बाटली तिनं तिथंच ठेवली आणि महिनाभर खोकत राहिली, पण दवाखान्याची पायरी चढली नाही.

दुसऱ्या दिवशी ती डि फ्रेटासच्या दुकानात गेली आणि मान खाली घालून म्हणाली, "मिस्टर डि फ्रेटास, मी तुम्हाला रोज पार्सिमोनियस म्हणते ना, त्याचा अर्थ चिक्कू."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी त्रिनिदादला मुलाला लिहून विचारलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? खोटं थोडंच होतं? शिवाय मला गुड मॉर्निंग म्हणणारं गावात दुसरं कोण आहे, मिस एल्मी?"

त्या दिवसापासून एल्मी लोकांना नुसतं गुड मॉर्निंग म्हणायला लागली. लोकांना वाटलं, तिची तब्येत अजून सुधारलेली नाही.

फलकाचं तिनं कुणाला सांगितलं नाही. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सांगायला जायची आणि जॅकचे वाटे लावून परत यायची. अशात इंग्लंडहून पत्र आलं. रेव्हरंड स्ट्रॉडची मुलगी, मिस स्ट्रॉड, आता पन्नाशी ओलांडलेली, ती आपल्या बालपणीचं गाव बघायला येणार होती. फलकाला चाळीस वर्षं होत होती. कमिटी बसली. हॉलला रंग द्यायचा, नीरफणस भाजायचे, जॅक तळायचे, आणि पाहुण्या बाईंसमोर एका मुलीनं फलकावरचे शब्द म्हणून दाखवायचे. मुलगी निवडली गेली ती मी. आयांथी सॅम्युएल, वय अकरा, आवाज खणखणीत.

"फलकाऐवजी एखादं स्तोत्र म्हणू द्या की पोरीला," एल्मी कमिटीत म्हणाली.

"का? बाईंच्या बापाचे शब्द आहेत ते!"

"म्हणूनच."

"हिला आता आपल्यापेक्षा जास्त इंग्रजी येतं ना," कॅप्टन झेके म्हणाला, "म्हणून जुने शब्द टोचायला लागले."

मिस स्ट्रॉड आली. बारीक, उन्हानं लाल झालेली, हातात पंखा. हॉल गच्च भरला होता. मी पांढऱ्या फ्रॉकमध्ये उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा सुटा करून, चर्चच्या घंटेसारखा वाजवून म्हटला. इंटरमिनेबलवर तर मी इतका वेळ रेंगाळले की टाळ्या मध्येच सुरू झाल्या.

बाईंचा पंखा थांबला होता. त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं, सोनेरी अक्षरं वाचली, आणि त्यांचा चेहरा उन्हानं होता त्याहून लाल झाला. "अरे देवा," त्या पुटपुटल्या, "बाबा..." मग खुर्चीचा हात धरून उठायला लागल्या. त्या माफी मागणार हे हॉलमधल्या दोनच माणसांना कळलं. एक बायनो, मागच्या बाकावर. दुसरी एल्मी. ती तोवर त्यांच्या शेजारी जाऊन पोचलीही होती.

"बसा मॅडम, बसा," तिनं बाईंना खांद्याला धरून खाली बसवलं. "आमच्या पोरीनं शब्द म्हटले, त्यांचे अर्थ सांगायचे राहिले. तुमच्या देशात हे शब्द वापरून झिजले असतील. आमच्याकडे कोरले त्या दिवसाइतकेच नवे आहेत."

हॉल कौतुकानं हसला.

"सॉम्नोलंट म्हणजे, मॅडम, जी माणसं सहा दिवस आरारूट खणतात आणि सातव्या दिवशी देवाच्या घरात त्यांना अशी शांतता मिळते की डोळे मिटतात. ऑबस्ट्रेपरस म्हणजे सभेत ज्याला म्हणायचं आहे तो म्हणतोच, मग समोर कुणीही बसलेला असो. कॉन्ट्युमेशस माझा बाप होता. मळ्याच्या साहेबानं त्याला घोड्यापुढं कमरेत वाकायला सांगितलं. तो म्हणाला, घोड्याला आधी वाकू दे. काम गेलं, पण वाकला नाही. आणि इंटरमिनेबल..." इथं तिनं एकदा फलकाकडे पाहिलं. "एकदा वादळात आमच्या तीन होड्या हरवल्या होत्या. आम्ही किनाऱ्यावर उभं राहून गात होतो, म्हणजे अंधारात त्यांना आवाजावरून किनारा कळावा. दोन दिवस गायलो. दोन होड्या आल्या. तिसरीसाठी आणखी एक दिवस गायलो."

तिसऱ्या होडीत एल्मीचा नवरा होता हे सगळ्यांना माहीत होतं, पाहुणीला सोडून.

मिस स्ट्रॉडनी पंखा मिटून मांडीवर ठेवला. "माझे वडील," त्या हळूच म्हणाल्या, "शब्द फार निवडून वापरायचे."

"दिसतंच आहे, मॅडम," एल्मी म्हणाली.

टाळ्यांनी पत्रा थरथरला. मागच्या बाकावर बायनो हसत नव्हता.

गोष्ट इथं संपती तर एल्मीचं भलं झालं असतं. पण मिस स्ट्रॉड सज्जन बाई होत्या, आणि सज्जन माणसांना कृतज्ञता गप्प बसू देत नाही. तीन महिन्यांनी बोटीनं एक पेटी आली. आत बारा जाडजूड, कोरे करकरीत शब्दकोश. 'लाँग रॅव्हिनच्या मुलांना, मिस क्वाशींच्या सन्मानार्थ.'

शाळेच्या हेडमास्तरीणबाईंनी पेटी सरळ एल्मीकडे पाठवली. शब्दांचं काम म्हटल्यावर तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय ते वर्गात कसं ठेवायचं? शनिवारी दुपारी एल्मी पेटीशेजारी तासभर बसली. मग उठली आणि सव्वा वर्षानं पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढली.

"बायनो, तुझं गळू कापायचं पातं घेऊन चल."

"कुणाला झालंय?"

"बारा जणांना. प्रत्येकी चार."

बायनो आला. पेटी पाहिली आणि मुकाट्यानं बाह्या सारल्या. बारा कोशांतून प्रत्येकी चार पानं त्यानं अशी अलगद कापली की शिवण उसवली नाही. "सॉम्नोलंटच्या पानावर 'साँग'सुद्धा आहे," तो मध्येच म्हणाला. "गाणं जातंय." एल्मी म्हणाली, "जाऊ दे." अठ्ठेचाळीस पानं तिनं आपल्या गादीखाली ठेवली. छापलेला शब्द जाळायला किंवा त्यात मासा बांधायला तिचा हात धजेना. त्या दिवसापासून दोघं पुन्हा पायरीवर बसायला लागली.

पुढच्या मे महिन्यात मी किंगस्टाउनला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसले. आधी महिनाभर घोकंपट्टी चालली होती. काही शब्दांची स्पेलिंगं तपासायला मी शाळेचा कोश उघडला, तर नेमकी तीच पानं नव्हती. दुसरा उघडला, त्यातही नव्हती. मला वाटलं, इंग्लंडमध्ये छापतानाच राहिली असतील.

निबंधाचा विषय आला, 'मला आदर्श वाटणारी व्यक्ती'. मी अर्थातच टँटी एल्मीवर लिहिलं. ती अत्यंत कॉन्ट्युमेशस आहे, चर्चमध्ये सदैव सॉम्नोलंट असते, तिची गाणी इंटरमिनेबल आहेत, आणि मोठी होऊन मलाही तिच्यासारखं ऑबस्ट्रेपरस व्हायचं आहे.

मी नापास झाले. गणितात पहिली आणि निबंधात शून्य. हेडमास्तरीणबाई शेरा घेऊन आमच्या घरी आल्या. 'उमेदवार हुशार आहे. परंतु एका वृद्ध गरीब स्त्रीची निर्दय टवाळी करण्यासाठी तिनं आपलं शब्दज्ञान वापरलं आहे. अशा स्वभावाच्या मुलीला शिष्यवृत्ती देता येत नाही.'

"टवाळी?" आई म्हणाली. "हिनं? चल एल्मीकडे."

एल्मीनं हात धुतले, पुसले, कागद घेतला. वाचला. मग पाटी उपडी करून तिच्यावर बसली. मी रडत होते.

"टँटी, मी काय चुकीचं लिहिलं?"

"काही नाही. तू बरोबर लिहिलंस, पोरी. चुकीचं मी सांगितलं." थोड्या वेळानं ती आईला म्हणाली, "रविवारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलाव."

रविवारी तिनं सगळं सांगितलं. चार शब्द, चार अर्थ, खोकल्याचं औषध, पातं, पानं. गादीखालची पानं तिनं टेबलावर ठेवली. बायनो तिच्या शेजारी उभा राहिला, न बोलावता. "तेवीस वर्षं मी हसलो, तेही ऐका," म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं तसं गप्पही राहता आलं नाही.

आता फलक फुटणार असं मला वाटलं. पण आधी म्हातारा ओबेद उठला. "म्हणजे पाद्र्यानं लिहिलं की आम्ही झोपायचो? अरे, झोपायचोच! त्याचं प्रवचन दोन-दोन तास चालायचं!" हॉल असा हसला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

"आणि हुकूम मानायचो नाही," दुसरा म्हणाला, "हे तर त्यानं लिहून दिलं म्हणून बरं झालं. पुरावा राहिला."

कॅप्टन झेके तेवढा हसला नाही. "माझी होडी वीस वर्षं कॉन्ट्युमेशस आहे. समुद्रानं हजारदा हुकूम केला बुड म्हणून, तिनं ऐकलं नाही. नाव बदलणार नाही."

पाद्र्यावर कुणीच चिडलं नाही. चिडले ते एल्मीवर. माझी आई उठली आणि थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पाद्री परका होता, तो काय वाटेल ते लिहील. पण तू? तुला एक शब्द कळला नाही तर तू कोर्टात गेलीस. आणि आम्हाला कळू नये म्हणून पानं कापलीस? आम्ही काय पाळण्यातली लेकरं? माझ्या पोरीचं वर्ष गेलं, एल्मी."

एल्मीकडे तेव्हा कोशातला कुठलाही शब्द नव्हता. ती एवढंच म्हणाली, "चुकले." आयुष्यात दुसऱ्यांदा तिनं चारचौघांत माफी मागितली, आणि या वेळी ती कुणी मागायला लावली नव्हती.

त्यानंतरचे दोन आठवडे ती आणि बायनो हॉलच्या पायरीवर बसून पानं चिकटवत होते. आरारूटची खळ करून, एकेक पान, बारा कोशांत. येणारी-जाणारी माणसं थांबून वाचायची, आपापला शब्द शोधायची, वाद घालायची. फलकाचं काय करायचं यावर सभा झाली. ती इतकी ऑबस्ट्रेपरस झाली की निर्णयच झाला नाही, आणि फलक आहे तिथंच राहिला.

दर शनिवारी एल्मी मला शिकवायची. प्रत्येक शब्दाचे दोन अर्थ. "हा किंगस्टाउनला लिहायचा. हा इथं बोलायचा. अदलाबदल केलीस तर कान उपटीन." पुढच्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसले आणि शिष्यवृत्ती मिळवली. निकाल कळला तशी मी किनाऱ्यावर धावत गेले. टँटी जॅकचे वाटे लावत होती. हात न धुताच तिनं मला मिठी मारली.

"निबंधात काय लिहिलंस?"

"आईबद्दल लिहिलं."

"शब्द कुठले घातलेस?"

"साधेच, टँटी. रिस्क नको म्हणून एकही मोठा शब्द घातला नाही."

मिठी सैल झाली. "एकही नाही?"

"नाही."

"पेल्युसिडसुद्धा नाही? सोपा आहे तो!"

मी मान हलवली. टँटी एल्मी पुन्हा खाली बसली, पाटीतला एक जॅक उचलून उगाच त्याचे कल्ले तपासले आणि परत ठेवला. त्या दिवशी तिनं माझ्याशी फारसं बोलणं ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या पास होण्याची बातमी मात्र तिनंच अख्ख्या गावात वाटली, आणि निबंधात मी कुठले कुठले शब्द वापरले होते त्याची यादीही सांगितली. यादी चांगली लांब होती.